डाव्या हाताचा गारठा

लील, ९ ऑक्टोबर १७३१

प्रिय वेरेनाताई,

ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय नाही, म्हणून खुशालीच्या आधी कामाचं विचारतो. आपल्या दरीत आजार कोण शिकवतंय?

रागावू नकोस, पुढे वाच. गेल्या वर्षी फ्रेंच राजाच्या चाकरीतल्या आपल्या ग्लारुसच्या कंपनीतले दोन शिपाई मी आजारी ठरवून घरी पाठवले. पहिला पाउलुस त्सेंटनर, दुसरा फ्रिडली बेग्लिंगर, दोघेही हिंटरएगचे. जेवण सुटलेलं, झोप उडालेली, छातीत धडधड, आणि काहीही विचारलं की एकच उत्तर, "डॉक्टर, मला आमच्या डोंगरावर जाऊ द्या." आजार एक असेल तर लक्षणं सारखी असणारच. पण वाक्यंही तीच? "घास तोंडाशी नेला की त्याला आमच्या चुलीच्या धुराचा वास येतो," असं दोघांनी अगदी याच शब्दांत सांगितलं. तेव्हा मी दोघांना वाटखर्चाला पदरचे पैसे दिले होते. आता गावाकडून आलेला एक नवा शिपाई सांगतो, की फ्रिडली घरी पोचल्यावर महिन्याच्या आत जत्रेत नाचत होता आणि त्याने तीन पोरींना नाचून नाचून दमवलं. माझे पैसे फुकट गेले.

तुला माहीत आहे, आपण ज्याला 'हाइमवे' म्हणतो, घराची कळ, तिला फौजेत कुणी आजार मानत नाही. फ्रेंच लोक तिला 'गावाचा आजार' म्हणतात आणि म्हणताना एकमेकांना डोळा मारतात. पण चाळीसेक वर्षांपूर्वी बाझलच्या एका विद्यार्थ्याने 'परतणं' आणि 'दुखणं' हे दोन ग्रीक शब्द एकमेकांना जोडून 'नोस्टाल्जिया' असा एक नवा शब्द शिवला, आणि तेव्हापासून गंमत बघ. कागदावर हाइमवे लिहिलं तर शिपायाला छडी मिळते, नोस्टाल्जिया लिहिलं तर घरची वाट. दुखणं तेच, फक्त अंगात कोट चांगला. या शब्दाची किंमत गावाला कुणीतरी सांगितली आहे, याची मला खात्री आहे.

आता तिसरा आलाय, योस्ट रीनर. वय सव्वीस, वरच्या कुरणांत, आल्पवर, गुरं राखणारा. बारा दिवस रुग्णालयात पडून आहे, जेमतेम सूप पितो, अंगात बारीक ताप. आणि हा पठ्ठ्या घराचं नावसुद्धा काढत नाही! विचारलं तर म्हणतो, "मी बरा आहे, डॉक्टर." आधीच्या दोघांपेक्षा हा पक्का दिसतो. कप्तान त्स्विकी मला काल म्हणाला, "डॉक्टर, तुमच्या गावात हा रोग बटाट्यासारखा पिकतो की काय? आणखी एकाला घरी पाठवलंत तर मी तुमच्याकडे बघेन."

तू मास्तरांची बायको होतीस, त्यांच्या माघारी सगळ्या गावाची पत्रं तूच लिहितेस आणि वाचून दाखवतेस. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. कोण आहे तो शिकवणारा?

तुझा,
काश्पार

•

हिंटरएग, २ नोव्हेंबर

प्रिय काश्पार,

तारीख मुद्दाम तुझ्या कॅलेंडरची घातली आहे. आपल्या गावच्या अकरा दिवस मागच्या जुन्या कॅलेंडरची घातली असती, तर तुझा कप्तान म्हणाला असता की हिंटरएगच्या लोकांनी ते अकरा दिवसही चोरले.

चार महिन्यांनी पत्र, आणि त्यात बहिणीचा गुडघा कसा आहे हे विचारायच्या आधी उलटतपासणी. गुडघा दुखतो. विचारल्याबद्दल आभार.

आजार कोण शिकवतंय म्हणून विचारतोस. गावात शहाणपण शिकवणारा एक मिळत नाही, तिथे आजार शिकवणारा कुठून आणू? शंकाच घ्यायची तर त्या बाल्झ न्हाव्यावर घे. तो दात उपटता उपटता भरतीला निघालेल्या पोरांना काहीबाही सांगत असतो. फ्रिडली नाचला हे खरं आहे. पण तू त्याला बघायला हवं होतंस. नाचून झाल्यावर कोठारामागे जाऊन तासभर ओकत होता. त्यातलं ढोंग कुठलं आणि खरं कुठलं, हे तुझ्या बाझलच्या विद्यार्थ्याला विचार.

योस्टचं मात्र मी सांगते. तो आमच्या बार्बराचा एकुलता एक. मागे याला एक चुकलेली शेळी सापडली, तर तिच्या मालकाला शोधत हा दोन दऱ्या ओलांडून गेला होता. परत आला तेव्हा बुटांचे तळ निघालेले. अशा माणसाला खोटं बोलायचं झालं तर आधी कुणीतरी शिकवावं लागेल, आणि शिकवलं तरी चारदा चुकेल. तो बरा आहे म्हणतो, कारण त्याच्या बापाने त्याला तसं म्हणायला शिकवलंय. झाड अंगावर पडून बाप गेला, तेव्हाही तो 'मी बरा आहे' असंच म्हणत होता.

त्याला फक्त एवढं सांग की तुला घरी पाठवतोय. घराचं नाव कानावर पडलं की खऱ्या रोग्याची नाडी लगेच उचलते. मग तुझं तुलाच कळेल.

आणि तू घरी कधी येणार? बाबांच्या मातीला आलास, दोन रात्री राहिलास, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हाही घोड्याचं खोगीर उतरवलं नव्हतंस.

वेरेना

•

लील, २४ नोव्हेंबर

ताई,

गुडघ्याला कोबीचं पान बांध.

आता मला सांग, घराचं नाव काढताच नाडी उचलते, हे वाक्य तुला कुणी सांगितलं? बाल्झ न्हाव्याला तर नाडी मनगटात असते की घोट्यात, हेही माहीत नाही. ते वाक्य बाझलच्या त्या पुस्तिकेतलं आहे. आणि तिची एक प्रत, समासात माझ्या हाताच्या जर्मन टिपांसकट, आपल्या माळ्यावरच्या हिरव्या पेटीत आहे. मीच ठेवली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोराने पत्रात उजेडच पाडलाय.

मी तुझ्यावर आळ घेत नाही. विचारतो एवढंच.

आणि ती नाडीची परीक्षा निकामी आहे. घरी जायचं म्हटल्यावर खऱ्या रोग्याची नाडी उचलते, तशी ढोंग्याचीही उचलते. काम फत्ते झालं म्हटल्यावर कुणाची उचलणार नाही? म्हणून मी दुसरी परीक्षा केली. तू पाठवलेला झीगर चीज, तो हिरवा, उग्र वासाचा, किसून त्याच्या पावावर घातला. त्याच्या खोलीतले आपल्याकडचे बाकीचे चौघे त्या वासाने उठून बसले. योस्टने ताट जवळ घेतलं, नाक लावलं, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. खांदे हलत होते. एक घास घेतला नाही. भुकेला माणूस गावचं चीज सोडतो का? नाटक जरा जास्तच झालं, असं मला वाटलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं तर दोनदा पोळलंय.

इथला औषध कुटणारा म्हातारा मोन्तेन मला हसतो. त्याच्या आजोबांच्या वेळी लील स्पॅनिश राजाकडे होतं. तेव्हाची एक वही त्याने जपून ठेवली आहे. तिच्यात काही शिपायांच्या नावापुढे रोगाचं नाव नाही, फक्त 'रोतो' लिहिलंय. म्हणजे तुटलेला. "त्यांना ग्रीक येत नव्हतं, डॉक्टर," म्हातारा म्हणाला, "पण शिपाई घरी जायचा." मी म्हटलं, "तुटलेला की तुटल्याचं सोंग केलेला?" तर म्हणतो, "ते ज्याने लिहिलं त्याला विचारा. तोही इथेच पुरलाय."

जाऊ दे. एक गोष्ट फक्त तुला सांगतो, आपल्यातच ठेव. पॅरिसच्या विद्वानांना एक नवं लक्षण सापडलंय, अजून छापलेलंही नाही. खऱ्या रोग्याचा डावा हात सकाळी उठल्यावर कोपरापासून गार पडलेला असतो, चोळला तरी तापत नाही. ढोंग्याला हे ठाऊक असणं शक्य नाही. योस्टने अजून तरी हाताचं काही म्हटलेलं नाही. कप्तानाने मला जानेवारी अखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर माझा निर्णय झाला नाही तर योस्टला तटावर पहाऱ्याला उभं करणार.

काश्पार

•

हिंटरएग, १८ डिसेंबर

प्रिय काश्पार,

कोबीचं पान बांधलं. काही फरक नाही, पण घरभर वास सुटलाय.

तुझी ती पुस्तिका उंदरांनी खाल्ली. हिरवी पेटीच कुरतडली मेल्यांनी.

इथे बर्फ खिडकीच्या निम्म्यापर्यंत आलंय. बायका दुपारच्या माझ्याकडेच सूत कातायला बसतात, म्हणजे एकाच घरातलं लाकूड जळतं. बार्बराही येते, पण तिचा धागा सारखा तुटतो. योस्टबद्दल विचारते. काय सांगू?

तू लिहिलंस तो डावा हात नुसता गारच पडतो, की बोटांना मुंग्याही येतात? सहज विचारते.

तुला आपल्या मामाचं बाझलचं दुकान आठवतं का रे कधी?

वेरेना

•

लील, २२ जानेवारी १७३२

वेरेना,

ताई लिहायला हात धजत नाही.

चौदा तारखेला योस्टला घरून पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर मी दारातूनच ओळखलं. तुझ्या 'र'सारखी शेपटी साऱ्या स्वित्झर्लंडमध्ये कुणाच्या अक्षराला नाही. पत्र मी फोडलं नाही, कारण फोडायची गरज नव्हती. मी फक्त वाट पाहिली. त्याने ते खोलीतल्या एकाकडून वाचून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. सोळा तारखेच्या सकाळी मी फेरीला गेलो तेव्हा तो उठून बसला, घसा खाकरला, जमिनीकडे बघत म्हणाला, "डॉक्टर, माझा डावा हात गार पडतो. कोपरापासून."

मी विचारलं, "कधीपासून?"

"सकाळी उठल्यावर. चोळला तरी तापत नाही."

पाठ केलेला धडा म्हणणाऱ्या पोरासारखा लाल झाला होता. आणि हात? मी हातात घेऊन पाहिला. चांगला गरम होता, तापामुळे.

आता ऐक. पॅरिसमध्ये असं काही कुणाला सापडलेलं नाही. ते लक्षण मी बनवलं, टेबलाशी बसून, तुला पत्र लिहिता लिहिता. जगात फक्त एका माणसाला सांगितलं. ते सात आठवड्यांत आल्प्स उतरून, अख्खा फ्रान्स ओलांडून माझ्याच रुग्णालयात माझ्यासमोर उभं राहिलं. पुस्तिका उंदरांनी खाल्ली म्हणे! ते उंदीर जर्मन वाचतात आणि दुपारी सूत कातायला बसतात.

पाउलुस, फ्रिडली, सगळं तूच. तुझ्या भावाच्या सहीवर तू तुझं दुकान चालवलंस. इतकी वर्षं या परक्या मुलखात मी एकाच गोष्टीवर उभा आहे, माझ्या शब्दावर. तो तू बायकांच्या घोळक्यात वाटून टाकलास.

योस्टच्या कागदावर मी काल 'ढोंग' असं लिहून सही केली. पहिल्या तारखेपासून तो तटावर पहाऱ्याला उभा राहील.

काश्पार एल्मर, रेजिमेंटचा सर्जन

•

हिंटरएग, ९ फेब्रुवारी

काश्पार,

हो. मीच.

ओरडायचं तेवढं ओरडलास, आता ऐकून घे. पुस्तिका माझ्याकडे आहे. मास्तर असताना त्यांनी मला ती लॅटिनमधून वाचून दाखवली होती, त्यांच्या माघारी मी तुझ्या टिपांवरून पुन्हा लावली. फ्रिडलीला मी शिकवलं, धुराच्या वासाचं वाक्यही माझंच. तो ढोंगी होता, कबूल. पाउलुस निम्मा होता. निम्म्या आजारी माणसाला पूर्ण आजारी कसं दिसायचं, तेवढंच मी त्याला कळवलं. का, म्हणून विचारशील. या दरीत फौजेकडून येणारं प्रत्येक पत्र मी वाचून दाखवते, काश्पार. नऊ बायकांना मी मुलगा गेल्याचं वाचून दाखवलंय. त्यातल्या दोघी मी वाचून संपवल्यावर म्हणाल्या, "आता पुढचं वाच." पुढचं काही नव्हतं. दहावं वाचायची माझी छाती नव्हती, म्हणून मी चोरी केली. तुझी सही त्यात वापरली गेली, याचं मला वाईट वाटतं. पण ते दोघे घरी आले याचं म्हणशील, तर ते मात्र वाटत नाही.

पण योस्ट! अरे, योस्टला मी गेल्या वर्षीच लिहिलं होतं, काय म्हणायचं ते सगळं. त्याने उलट कळवलं, "वेरेनाकाकू, मला असं खोटं सांगता येणार नाही, मी बरा आहे." मग बार्बरा माझ्या पायाशी येऊन बसली. म्हणाली, "धुराचं नको, धडधडीचं नको, एखादं साधं सांग, त्याला म्हणता येईल असं." आणि तेवढ्यात तुझं पत्र आलं. मी लिहिलं, "तुझ्या आईची शपथ आहे, एवढं एकच वाक्य म्हण." तो आईसाठी एकदा खोटं बोलला, आणि नेमका तोच तुझ्या फासात सापडला. खरा ढोंगी नाचून मोकळा झाला. ज्याने ताटातला झीगर नाकाला लावून भिंतीकडे तोंड फिरवलं, त्याला तू ढोंगी म्हणतोस? ते मी कुणाला शिकवलं नव्हतं. ते शिकवताच येत नाही. चीज नको होतं त्याला, ज्या हातांनी ते केलं ते हात हवे होते. डॉक्टर झालास, पण एवढं कळू नये?

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं तुझं झालंय. आणि कसली कावीळ तेही मला ठाऊक आहे.

ते लक्षण तू टेबलाशी बसून बनवलंस म्हणतोस. सोबत एक जुना कागद पाठवते आहे. मी तो पंचवीस वर्षं प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवला आहे. परत कर. तू पाठवलास तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास, मामाच्या दुकानात लागून महिना झाला होता. तुझ्या डोळ्यांना अक्षर लागणार नाही म्हणून उतरवून देते:

"ताई, मामा चांगला आहे. मी रडत नाही. पण सकाळी उठलो की माझा डावा हात कोपरापासून गार पडलेला असतो आणि चोळला तरी तापत नाही. मामा म्हणतो झोपेत अंगाखाली येत असेल. आईला सांगू नकोस."

म्हणून तर मी त्या लक्षणावर विश्वास ठेवला. पॅरिसच्या विद्वानांवर नाही. मला वाटलं, शेवटी याला आठवलं, आणि लाज वाटते म्हणून पॅरिसच्या नावावर सांगतोय. डावाच हात का, तेही मला माहीत आहे. शाळेला जाताना दरीची बाजू तुझ्या डावीकडे यायची, आणि त्या बाजूने मी चालायचे, तुझा हात धरून.

योस्टला तटावरून खाली उतरव. आज, हे पत्र वाचून होताच. दहावं पत्र मला वाचायला लावू नकोस, आणि तेही तुझ्या अक्षरातलं.

वेरेना

•

लील, ४ मार्च

ताई,

तुझं पत्र काल पोचलं. योस्ट जिवंत आहे, हे आधी बार्बराबाईंना सांग आणि मग पुढचं वाच.

तो तटावर अकरा दिवस उभा राहिला. बाराव्या दिवशी बंदुकीला टेकून उभाच होता, पण हाक मारली तर उत्तर देईना. तेव्हापासून पुन्हा रुग्णालयात आहे, आणि या वेळी सूपही नाही. तरी मी माझा कागद बदलला नव्हता. खोटं कशाला बोलू? मला वाटत होतं की हेही नाटकच आहे. तीन आठवडे मी त्याच्या पलंगाजवळून रोज जायचो आणि मनात म्हणायचो, बघू या किती ताणतो.

तो जुना कागद मी उभ्यानेच वाचला. दुसऱ्यांदा वाचताना बसावं लागलं. ताई, मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ते अक्षर मात्र माझंच आहे.

तसाच कप्तानाकडे गेलो. म्हटलं, "योस्ट रीनरच्या बाबतीत माझी चूक झाली. त्याला घरी पाठवायला हवं."

"तुम्हीच ना ढोंग लिहिलंत?"

"हो."

"मग आता काय सापडलं? डावा हात? अहो, फेब्रुवारीत लीलच्या तटावर उजवा तरी कुणाचा गरम असतो?" मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाला, "आणि तो तुमचा ग्रीक शब्द नको. त्या शब्दावर तुमच्या गावचे फार लोक घरी गेले. दुसरं काही लिहिता येत असेल तर लिहा."

मी पेन हातात धरून बसलो. हाइमवे लिहावं तर छडी, गावाचा आजार लिहावा तर हसणार, आणि त्या बाझलच्या शब्दाची तर आपण दोघांनी मिळून वाट लावली आहे, तू वाटून आणि मी संशय घेऊन. शेवटी आपल्या बोलीत लिहिलं: "हा माणूस तुटला आहे. घरी गेला नाही तर महिन्याभरात मरेल. मी याला ढोंगी म्हटलं ते खोटं. हा आजार मी ओळखायला हवा होता, कारण तो मला स्वतःला चौदाव्या वर्षापासून आहे आणि मी तो लपवला."

कप्तानाने दोनदा वाचलं. "म्हणजे इतकी वर्षं मी आजारी डॉक्टर ठेवला होता?"

"हो."

"मग दोघेही चालते व्हा. मला इथे धडधाकट माणसं लागतात." मी दाराशी पोचलो तेव्हा मागून म्हणाला, "एल्मर, हिंटरएगच्या वरच्या आल्पवर झीगर अजून जुन्या कढईतच करतात का हो?" मी म्हटलं, माहीत नाही, बघून कळवतो. त्याने मान हलवली आणि खिडकीकडे वळला.

मग योस्टकडे गेलो. तुझ्या पुस्तिकेप्रमाणे आता नाडी उचलायला हवी होती. मी म्हटलं, "योस्ट, घरी जायचंय आपल्याला." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "डॉक्टर, ही पण परीक्षा आहे का?"

नाडी तशीच होती. या रोगावर एकच औषध आहे, आणि ते मी माझ्या हाताने नासवून ठेवलंय.

परवा गाडी निघते. मोन्तेनने गवत घालून बिछाना करून दिला आहे. योस्ट बाझलपर्यंत तरी टिकेल की नाही, मला सांगता येत नाही.

काश्पार

•

बाझल, २९ मार्च

प्रिय ताई,

मामाच्या जुन्या दुकानासमोरच्या खानावळीत बसून लिहितोय. दुकानात आता टोप्या विकतात.

सगळ्या वाटेत योस्टचा विश्वास बसला नाही. रेम्स गेलं, लांग्र गेलं, तरी तो गाडीत पडल्या पडल्या माझ्यावरच नजर ठेवून. एकदा चाक निसटलं म्हणून गाडीवानाने गाडी वळवली, तर हा शांतपणे म्हणाला, "झालं? परत?" मी दिलेलं पाणी प्यायचा, कारण डॉक्टरचा हुकूम. जेवण नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही माझ्यावर विश्वास ठेवला नसता. शेवटच्या आठवड्यात तर त्याला उचलून उतरवताना मला दुसरा माणूस लागत नव्हता, इतका हलका झाला.

काल इथे पोचलो. खानावळीच्या बाईने भाजलेल्या पिठाचं सूप आणून ठेवलं. आपल्या बोलीच्या जवळची बोली त्याच्या कानावर पडली तरी तो तसाच. मग अचानक म्हणाला, "डॉक्टर, मला एक सांगायचंय. मरायच्या आधी."

"सांग."

"तो डावा हात. तो कधीच गार पडला नव्हता. आईने शपथ घातली म्हणून म्हटलं. मी खोटं बोललो, म्हणून तटावर उभं राहायची शिक्षा झाली ना? ती बरोबरच होती."

ताई, अर्धमेला माणूस तीन आठवडे गाडीत हे ओझं घेऊन पडला होता, आणि मी समजत होतो की तो माझ्यावर संशय घेतोय. तो स्वतःवर घेत होता. मला रडू आलं. खानावळीत, लोकांसमोर. मी त्याला तुझा तो जुना कागद वाचून दाखवला, चौदा वर्षांच्या पोराचा. म्हटलं, "खोटं तुझं नव्हतं. लक्षण माझं होतं, चुकून तुझ्याकडे आलं." त्याला पटेना. म्हणाला, "दाखवा." मी बाही वर केली.

त्याने माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गुरांचं आचळ तपासतात तसा कोपरापासून बोटांपर्यंत चाचपला. मग म्हणाला, "अहो, हा तर खरंच गार आहे." आणि सोडला नाही, चोळत बसला. चोळता चोळता विचारलं, "म्हणजे आपण खरंच घरी चाललोय? तुम्हीही?"

मी हो म्हटलं. नाडी बघायची आठवणच राहिली नाही. सूप गार झालं होतं, तेच त्याने अर्धा वाडगा खाल्लं, आणि आज सकाळी एक अख्खा. एवढ्यावर तो जगेल असं डॉक्टर म्हणून मी लिहून देणार नाही. पण बार्बराबाईंना त्याचा बिछाना घालून ठेवायला सांग.

ईस्टरच्या आत पोचतो, तुझ्या कॅलेंडरच्या ईस्टरच्या. पुस्तिका पेटीत परत ठेवू नकोस, तिच्या समासात मला अजून एक टीप लिहायची आहे.

गुडघा चालू देत असेल तर शाळेच्या वाटेवर त्या वळणापर्यंत ये, जिथे दरीची बाजू लागते.

काश्पार